बोट बंद होण्याआधी

युरोपातील सुखवस्तू दांपत्ये उन्हाळ्यात एखादी शिडाची लहानशी नौका घेऊन भूमध्य समुद्रातील बेटांच्या कडेकडेने आठवडेच्या आठवडे हिंडतात. सकाळी एका खाडीतून निघावे, वारा पडला की थांबावे, सायंकाळी दुसऱ्या बंदरात नांगर टाकावा, असा त्यांचा क्रम. अशा सफरींची वर्णने आता आपल्याकडेही आवडीने वाचली जातात, आणि ती वाचून झाल्यावर कोणीतरी हमखास म्हणते, ‘आपल्या माणसांना समुद्राची ही हौस कधी नव्हतीच.’ देशपांडे नगरातील आमच्या बैठकीतही हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. हौस नव्हती, हे मान्य. पण तशी सफर मात्र आपल्या घरांतील कित्येक दांपत्यांना घडलेली आहे.

दोन्ही समुद्रांच्या ऋतूंत मोठा फरक आहे. भूमध्य समुद्र हिवाळ्यात खवळतो. प्राचीन रोमन लोक नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत तो ‘बंद’ समजत. आपला पश्चिम समुद्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या हुकमतीखाली असतो. मे महिना सरत आला की बंदरे मिटत आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण झाल्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरत. म्हणून उन्हाळ्यात कोकणात जाणाऱ्याच्या तोंडी ‘बोट बंद होण्याआधी’ हे शब्द सदैव असत.

हुबळी समुद्रापासून दूर असली तरी त्याला परकी कधीच नव्हती. धारवाड प्रांताचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठा बंदरात जाई, आणि त्या बंदरावरूनच व्यापाऱ्यांत तो ‘कुमठा’ या नावाने ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची ददात पडली, तेव्हा कारवार बंदराकडे विलायतेचे लक्ष वळले. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरातून घाट चढून येणारी लोहवाट आपल्या भागाशी जोडली गेली आणि गाड्यांच्या त्या जुन्या वाटा ओस पडू लागल्या. कारवारचे व्यापारी महत्त्व घटले. हुबळीकरांना मात्र समुद्र एका दिवसाच्या अंतरावर आला.

जलविहाराची खरी हौस या किनाऱ्यावर कोणी केली असेल, तर ती बाहेरून आलेल्यांनी. सत्येंद्रनाथ टागोर कारवारला न्यायाधीश असताना धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहावयास आले होते. चांदण्या रात्री लहान नावेतून काळी नदीत वर जाणे, वाटेत शिवकालीन डोंगरी किल्ल्यापाशी उतरणे आणि रात्री उशिरा वाळू तुडवीत घरी परतणे, हा अनुभव त्यांनी आपल्या आठवणींत नोंदविला आहे. कारवारहून परतल्यानंतर, १८८३ च्या डिसेंबरात, त्यांचा विवाह झाला.

आपल्या कारकून, शिक्षक आणि दुकानदार पूर्वजांना असा विहार परवडणारा नव्हता. ते बोटीत बसत ते घरी जाण्यासाठी. शेपर्ड कंपनीच्या आगबोटी आणि पुढे सहकारी तत्त्वावर निघालेल्या ‘माझी आगबोट कंपनी’च्या बोटी मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यानची बंदरे घेत जात. मुरगाव-पणजी सोडली की वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड अशी बंदरांची माळ. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येई, आणि माणसे, ट्रंका, आंब्यांच्या करंड्या यांची हेलकाव्यातच चढउतार होई. त्यात वेळ जाई, आणि त्या वेळाचा हिशेब कोणी मागत नसे.

आमचे आजोबा हुबळीस रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. लग्नानंतर दोन वर्षांनी, १९३६ च्या वैशाखात, ते आजीला घेऊन असेच निघाले. कॅसलरॉक आणि कुळे येथे इंग्रजी व पोर्तुगीज जकातीची उलथापालथ सोसून दोघे मुरगावला पोहोचली आणि जयगडची बोट धरली. तेथून खाडीने आत आजीचे माहेर, आणि त्याच्या पलीकडे आजोबांचे मूळ घर. आजी सांगत असे, ‘घरी आम्ही बोलायचो ते दिवे लागल्यावर. दिवसाउजेडी बोललो ते बोटीवरच.’ सासू, जावा, आल्यागेल्यांचा राबता यांनी भरलेल्या घरात नवराबायकोने दिवसा एकत्र बसणे शिष्टसंमत नव्हते. डेकवर शेकडो माणसे होती, पण त्यांत घरचे कोणीच नव्हते.

त्या वर्षी थोरल्या भावाचे पत्र आले होते : घराचे वासे बदलायला हवेत, पैसे पाठवावे आणि पुढेमागे परत यावे. तेवढ्याच पैशांत हुबळीस एक जागा मिळत होती. मालवणास बोट उभी असताना, सिंधुदुर्गाच्या तटाकडे पाहत, आजोबांनी प्रथमच बायकोचे मत विचारले. आजी बराच वेळ बोलली नाही. देवगड मागे पडल्यावर ती म्हणाली, ‘इथे यायला मला आवडेल. राहायला मात्र आता तिकडेच बरे वाटते.’ वाशांसाठी निम्मे पैसे दिले गेले, आणि हुबळीची जागा कर्ज काढून घेतली गेली. थोरले भाऊ दुखावले, ते अखेरपर्यंत. ‘आम्ही हुबळीचे केव्हा झालो?’ असे कोणी विचारले की आम्हांस ते मालवण-देवगडमधील पाणी आठवते.

त्या प्रवासाला सोन्याचा मुलामा देण्याचा आमचा हेतू नाही. १९२७ साली ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. आजीने त्यानंतर समुद्रात पाऊल घातले नाही. १९५५ साली गोव्याच्या सीमेवर रेल्वे थांबली आणि आपली ती वाटच मिटली. पुढच्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत हुबळी म्हैसूर राज्यात गेली. गोवामुक्तीनंतर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी मुंबई-गोवा मार्गावर काही काळ जुनी सय जागविली. पण रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही विहारनौका सुरू झाली, तीही फार टिकली नाही.

भूमध्य समुद्रातील दांपत्य सवड काढून बोटीत बसते. आपल्या पूर्वजांना बोटीत बसल्यामुळे सवड मिळे, आणि त्या अनपेक्षित सवडीत काहींनी आपल्या घराण्यांचे पत्ते बदलले. इतिहासाच्या ग्रंथांत कापसाच्या गासड्यांची मोजदाद सापडेल, हे संभाषण सापडणार नाही. ते ज्यांनी थोरांच्या तोंडून ऐकले, त्या पिढीचेही केस आता पिकले आहेत. आपल्या घरचे कोण, कोणत्या बंदरात, कोणत्या साली चढले आणि परतताना काय ठरवून आले, एवढे तरी प्रत्येक घराने लिहून ठेवावे, ही विनंती. तेही बोट बंद होण्याआधी.