‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ का?

समजा, तुम्ही वरणगावच्या बस स्टँडवर उभे आहात. समोर बस नाही. हे तुम्हाला कसं कळलं? “दिसतंय की,” तुम्ही म्हणाल. पण जी वस्तू तिथे नाहीच, ती दिसते कशी?

भारतीय ज्ञानमीमांसेतला हा फार जुना वाद आहे. न्यायसूत्रांनुसार इंद्रिय आणि विषय यांच्या संपर्कातून होणारं, भ्रम नसलेलं, निश्चित ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष. पुढच्या नैयायिकांनी अभावही त्यातच बसवला. डोळा मोकळी जागा पाहतो आणि ‘बस नसणं’ त्या जागेचं विशेषण म्हणून कळतं. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, इंद्रियाचा संपर्क असलेल्या वस्तूशीच होणार. म्हणून अभावासाठी त्यांनी ‘अनुपलब्धी’ हे सहावं प्रमाण मानलं.

एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे, ती म्हणजे योग्यता. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. काळोखात बस दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असं ठरत नाही.

ही चर्चा आपल्या जळगाव जिल्ह्यातही झाली आहे. अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजी काही काळ तिथे होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात संचालक होते. तिथल्या मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ १९३३ चाच. विषय अद्वैतातला: ‘मला माहीत नाही’ हे मला कशानं कळतं? नैयायिकांच्या मते अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव. अद्वैती म्हणतात, अज्ञान भावरूप आहे आणि साक्षी चैतन्याला ते थेट जाणवतं.

आता तुमच्या संशोधन आराखड्याकडे या. ‘या विषयावर काम झालेलं नाही’ हे वाक्य आपण सगळेच लिहितो. पण शोधलं कुठे? फक्त इंग्रजीत? जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक चाळले का? दप्तरात शेतकरी बायकांची नावं नाहीत, म्हणून बायका शेती करत नव्हत्या, असं लिहिलं तर एक अख्खं जगणं इतिहासातून पुसलं जातं. त्या दप्तरात नोंद कोणाची व्हायची, मालकाची की राबणाऱ्याची, हे आधी तपासा. फक्त मालकाची होत असेल, तर ते दप्तर म्हणजे काळोखातला बस स्टँड.

तेव्हा ‘आढळलं नाही’ लिहिताना शेजारी एवढंही लिहा: कुठे शोधलं, आणि ते असतं तर तिथे सापडलं असतं का?