लेखनिकाची अट

भारतीय इंग्रजी कादंबरीतला निवेदक सरळ गोष्ट सांगेल तर शपथ. मध्येच थांबेल, फाटे फोडेल, स्वतःच्याच सांगण्यावर शंका घेईल. समीक्षक या खोडीचं मूळ लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'त शोधतात. ते खोटं नाही. जी. व्ही. देसाणींच्या 'ऑल अबाउट एच. हॅटर'चं (1948) ऋण तर सलमान रश्दींनी स्वतःच मान्य केलंय. पण हे झालं आजोळ.

घराणं कथा सांगणाऱ्या सूतांचं. नैमिषारण्यात सौती शौनकादींना महाभारत सांगतो. ते त्याने ऐकलेलं वैशंपायनाकडून, जनमेजयाच्या सर्पसत्रात. आणि मूळ रचना व्यासांची, जे धृतराष्ट्र-पांडूचे जन्मदाते. कवीच पात्रांचा बाप! त्यात लेखनिक म्हणून गणपतीची भर पडली. लेखणी थांबता कामा नये, ही त्याची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची. गणपती कूटश्लोकावर अडला की तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घेत.

गंमत अशी, की पुण्याच्या भांडारकर संस्थेसाठी वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती (1933) सिद्ध केली, तेव्हा हा प्रसंग हस्तलिखितांच्या साक्षीवर टिकला नाही. त्याची रवानगी परिशिष्टात झाली. कादंबरीकारांनी उचलला तो नेमका हाच प्रक्षिप्त भाग.

शशी थरूरांनी 'द ग्रेट इंडियन नॉव्हेल'मध्ये (1989) तो नावानिशी घेतला: म्हातारे वेद व्यास सांगतात, गणपती लिहितो. पण हा गणपती फारच आज्ञाधारक. खरी वारसदार मला रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मधली (1981) पद्मा वाटते. लोणच्याच्या कारखान्यातली ही बाई, लिहिता-वाचता न येणारी. निवेदक सलीम रेंगाळला की ती करवादते, पुढे काय झालं ते सांग म्हणते, एकदा तर रुसून निघूनच जाते आणि सलीमचा तोल सुटतो. हाच सलीम गणपतीला व्यासांऐवजी वाल्मीकींच्या पायाशी बसवून त्याच्याकडून रामायण लिहवून घेतो! रश्दींनी पुढे सलीमच्या चुकांवर एक निबंधच लिहिला.

विक्रम चंद्रांच्या 'रेड अर्थ अँड पोअरिंग रेन'मध्ये (1995) अट यमाकडे गेली. गोळी लागलेल्या माकडाला पूर्वजन्म आठवतो. तेव्हा तो कवी होता. यमाची अट अशी, की गोष्ट ऐकणारे कंटाळले तर प्राण गेले. बोलता येत नाही म्हणून माकड टाइपरायटरवर बसतं. व्यासही तेच, लेखनिकही तेच. आणि ते थकलं की गोळी झाडणाऱ्या अभयलाच आपली अमेरिकेतली हकिगत सांगावी लागते.