घडीतला क्रम

एक कोरा कागद घ्या. मधोमध दुमडा, मग पुन्हा एकदा आडवा दुमडा. शेवटची घडी डाव्या हाताला ठेवा आणि पानं न उलगडता कोपऱ्यांत १ ते ८ आकडे टाका. आता कागद उघडा. १ च्या शेजारी ८ दिसेल. ४ आणि ५ डोक्यावर उभे! शेजारच्या जोडीची बेरीज मात्र दरवेळी ९.

पूर्वी पोथीची पानं सुटी असायची, आकडा पाहून लावायची. छापखान्यात मात्र मोठ्या कागदावर पानं अशी उलटसुलट छापतात. घडी नीट पडली, तरच गोष्ट सरळ वाचता येते.

मग घडी घालायचं कोणी? एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हे काम बायकांचं होतं. त्या कागद दुमडायच्या, फर्मे क्रमानं रचायच्या, दोऱ्यानं शिवायच्या. पुस्तकावर त्यांचं नाव नसे, हातात मजुरीही तुटपुंजी. १८४९ साली बायबलची बांधणी करणाऱ्या बायका कमी मजुरीविरुद्ध एकत्र उभ्या राहिल्या. आपलं गाऱ्हाणं त्यांनी छापून लोकांपुढे मांडलं.

पुढच्या वेळी जाड पुस्तक उघडाल, तेव्हा मधली शिवण जरूर बघा.