गाजर गवताच्या मागावर आलेला भुंगा

बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी वाढणारं पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत आपण सगळ्याच ओळखतो. ते उपटताना हात खाजतात, कुणाच्या अंगावर चट्टे उठतात, कुणाला धाप लागते. खुरपणी बहुतेक बायकांच्या वाट्याला, म्हणून हा त्रासही आपल्याच वाट्याला. आज या गवताचा आणि त्याच्या वैऱ्याचा इतिहास ऐकू या.

हे गवत मूळचं मेक्सिकोच्या बाजूचं. 1955 साली ते आपल्या पुण्यात नजरेस आलं. परदेशी धान्यातून त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. त्याच्या मायदेशात ते खाणारे किडे आहेत. इथे मात्र गवत आलं आणि किडे तिकडेच राहिले. आपली गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मग ते देशभर पसरलं.

वैऱ्याला त्याच्या गावाहून बोलवावं, ही युक्ती आपल्या देशाला जुनी आहे, पण ती सापडली अपघातानं. 1795 साली इंग्रजांनी ब्राझीलहून निवडुंगावरचा एक किडा बंगालमध्ये आणला. त्यापासून लाल रंग काढून पैसा मिळवायचा होता. पण किडा निघाला दुसऱ्याच जातीचा. चांगला रंग काही मिळेना, किड्यानं मात्र रानोमाळ माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. ते पाहून पुढे 1836 नंतर तो मुद्दाम दक्षिणेत नेला. निवडुंगाच्या दुसऱ्या जातीला त्यानं तोंड लावलं नाही. तिच्यासाठी 1926 साली श्रीलंकेहून वेगळा किडा आणावा लागला. ज्याचं खाद्य ज्याला, हा धडा तेव्हाच मिळाला.

म्हणून गाजर गवताच्या वेळी घाई केली नाही. 1983 साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळूरला आणला. मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी उभ्या रेघा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. तो आपली पिकं खाईल का, हे आधी तपासलं आणि 1984 मध्ये त्याला रानात सोडलं. पुढे कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर तो दिसला, तेव्हा शेतकरी घाबरले. ती भीती रास्तच होती. सरकारनं समिती नेमून चौकशी केली आणि सूर्यफुलाला त्याचा मोठा धोका नाही, असं ठरलं.

हा भुंगा पावसाळ्यात काम करतो. मादी पानांवर अंडी घालते, अळ्या आणि भुंगे पानं, कोवळे शेंडे खातात. झाडाची पानं गेली की फुलं कमी, बी कमी. थंडी-उन्हाळ्यात भुंगा मातीत दडून बसतो आणि पावसाबरोबर वर येतो. त्यामुळे एका वर्षात रान साफ होत नाही. जिथे तो आहे तिथल्या गवतावर कीटकनाशक फवारलं, तर गवत तसंच राहील आणि आपला सोबतीच मरेल.

तेव्हा या पावसाळ्यात गटानं शिवारात फिरून गाजर गवताची पानं नीट बघा. रेघांचे भुंगे दिसले, तर भोकं पाडलेल्या डब्यात थोडे गोळा करून दुसऱ्या पडीक जागेतल्या गवतावर सोडा. शेतातलं गवत मात्र फुलावर येण्याआधीच उपटा, आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. भुंग्याचं काम सावकाश चालतं, पण तेवढी तरी खुरपणी आपल्या हातांची वाचते.