शेखाडी ते बधवार पार्क

महाराष्ट्राच्या नकाशावर दोन ठिकाणे शोधायला सांगितली, तर बहुतेकांना ती चटकन सापडणार नाहीत. एक शेखाडी, रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले किनाऱ्याला चिकटलेले छोटे गाव. दुसरे बधवार पार्क, दक्षिण मुंबईत कफ परेडजवळ, रेल्वे अधिकाऱ्यांच्या वसाहतीला लागून असलेली मच्छीमारांची वस्ती. पहिल्या ठिकाणी १९९३ च्या सुरुवातीला आरडीएक्स उतरले. दुसऱ्या ठिकाणी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा सशस्त्र तरुण उतरले. मधे पंधरा वर्षे गेली. त्या तीन दिवसांत मुंबईत काय घडले, ते आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. पण आधीच्या पंधरा वर्षांत काय घडले नाही, ते कोणत्याही वाहिनीने दाखवले नाही. मला आज त्याविषयी बोलायचे आहे.

माझे मूळ गाव त्याच श्रीवर्धन तालुक्यातले. आमच्या भागात समुद्र हा शेजारी असतो. कोणाची होडी कधी सुटली, कधी परतली, हे गावाला ठाऊक असते. त्यामुळे दिघी आणि शेखाडीला माल उतरला तेव्हा तो कोणाला दिसलाच नाही, असे म्हणता येत नाही. तस्करीचे सोने-चांदी उतरवण्याची त्या किनाऱ्याला सवय झालेली होती. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगलींच्या दोन लाटा आल्या, आणि त्या रक्तपातानंतर सोन्याच्या वाटेनेच स्फोटके आली. वाटेवर पहारा होता, पण पहारेकऱ्यांपैकी काहींचे हात ओले झाले होते. १२ मार्च १९९३ रोजी शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा अशा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मारली गेली. पुढे टाडा न्यायालयात ज्यांना शिक्षा झाल्या, त्यांत कस्टम खात्याचे आणि पोलीस दलाचे लोकही होते. देशाच्या सुरक्षेची किंमत किती, याचा एक भाव त्या वेळी ठरला होता आणि तो फार मोठा नव्हता.

त्यानंतर आमच्या तालुक्याचे नाव मुंबईत वेगळ्या आवाजात घेतले जाऊ लागले. भाड्याची खोली बघायला गेले की घरमालक गाव विचारी, आणि उत्तर ऐकून थोडा वेळ गप्प राही. मला त्याचा राग येत नसे असे नाही. पण त्याहून अधिक आश्चर्य वाटे ते एका गोष्टीचे. ज्या गावात माल उतरला त्या गावाकडे सगळे संशयाने पाहत होते. ज्यांनी पगार घेऊन तो उतरू दिला, त्यांच्या खात्यांकडे मात्र कोणी तसे पाहत नव्हते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९९३ मध्येच नौदल आणि तटरक्षक दलाने महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त सुरू केली. ‘ऑपरेशन स्वान’ हे तिचे नाव. पुढे २००५ साली केंद्राने किनारी सुरक्षेची योजना मंजूर केली; सागरी पोलीस ठाणी, चौक्या, वेगवान नौका असे सारे तीत होते. परंतु त्या नौका पोलिसांच्या हाती पडू लागायला २००९ साल उजाडावे लागले. दहा जण तोवर येऊन गेले होते. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांब असल्याचे पाठ केले. शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात हे अंतर ओळखून आरमार उभारले, त्यात दौलतखानासारखे सरदार होते. ज्या भूमीला हे तीनशे वर्षांपूर्वी कळले होते, त्या भूमीवर सागरी पोलीस ठाण्याकडे नौका नसावी, याला काय म्हणावे?

‘कुबेर’ ही मासेमारी नौका पोरबंदरची. हल्लेखोरांनी ती भर समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारले, तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मुंबई जवळ येईपर्यंत जिवंत ठेवले आणि मग त्यांचाही गळा चिरला. २६/११ चे पहिले बळी हे पाच कोळी होत. त्यांची आठवण समारंभांत क्वचितच निघते. किनाऱ्यापासून काही अंतरावर हल्लेखोर रबरी होडीत बसले आणि साडेआठच्या सुमारास बधवार पार्कला लागले. त्या संध्याकाळी कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता आणि वस्तीतले अनेक जण तो पाहण्यात गुंतले होते. तरीही तिथल्या काहींनी या पाठीवर जड पिशव्या घेतलेल्या अनोळखी पोरांना हटकले. तुम्ही कोण, कुठून आलात? ‘तुमचे काम करा’ अशा अर्थाचे उत्तर देऊन ती पोरे रस्त्याकडे चालू लागली. साऱ्या यंत्रणेत त्या रात्री हा एवढाच प्रश्न वेळेवर विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांकडे ना अधिकार होता, ना बंदूक.

त्या वर्षी मी नोकरीनिमित्त रोज सीएसटीला उतरत असे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटाबाहेरचे ते प्रशस्त दालन आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचे आहे. गावी जाणारी माणसे तिथे गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, पोरेबाळे घेऊन जमिनीवर अंथरूण टाकून बसलेली असतात. त्या माणसांवर एके-४७ चालली. एकट्या सीएसटीवर पन्नासहून अधिक जण मेले. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर जाण्याचा मार्ग सांगितला नसता, तर हा आकडा कुठे गेला असता, कोण जाणे. स्थानकाच्या दाराशी धातुशोधक कमानी होत्या. आपण सगळे त्यांतून रोज जात होतो; त्या वाजत आणि कोणी मान वर करून बघत नसे. रेल्वे पोलिसांच्या हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली किंवा काठ्या होत्या. निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत मृतांच्या याद्या येऊ लागल्या. मी त्या वाचल्या तशा त्या वेळी लाखो मुंबईकरांनी वाचल्या असतील, ओळखीचे नाव सापडू नये म्हणून. पण माझ्यासारखा माणूस अशी यादी वाचतो तेव्हा त्याला आणखी एक यादी वाचावी लागते, ती मारणाऱ्यांची. तिच्यातली नावे आपल्या घरातल्या नावांसारखी असतात. मेलेल्यांत मुसलमान बरेच होते. गोळीने कोणाला नाव विचारले नव्हते. तरी त्या आठवड्यात कचेरीत एका सहकाऱ्याने मला, अगदी सौम्यपणे, विचारले, ‘तुमच्या समाजाची यावर काय प्रतिक्रिया आहे?’ मी म्हणालो, ‘मी रोज त्याच फलाटावर उतरतो, जी तुमची प्रतिक्रिया तीच माझी.’ त्याला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

मुंबईच्या मुसलमानांनी एक उत्तर फार स्पष्ट दिले. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जुम्मा मशीद ट्रस्टने नकार दिला. मयताला माती देणे हे आमच्याकडे जिवंतांचे कर्तव्य मानले जाते. शत्रूच्याही प्रेताला ते चुकत नाही. तो हक्क नाकारणे ही लहान गोष्ट नव्हती. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये गुप्त जागी पुरले गेले. त्या डिसेंबरात बकरी ईद आली तेव्हा अनेकांनी दंडाला काळ्या फिती लावून नमाज पढला.

यानंतरचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निष्ठेची चर्चा सुरू झाली की निष्काळजीपणाची चर्चा मागे पडते. आम्ही काळ्या फिती लावून आमचे दुःख सिद्ध करीत होतो, तेव्हा विचारायचे प्रश्न वेगळेच होते. समुद्रमार्गे मुंबईवर हल्ला होऊ शकतो, ताज हे लक्ष्य असू शकते, अशा सूचना त्या वर्षी आलेल्या होत्या. ताजचा बंदोबस्त काही काळ वाढवलाही गेला होता आणि मग तो सैल झाला. हल्ल्यापूर्वी दोन वर्षे डेव्हिड हेडली हा अमेरिकी पासपोर्टवर मुंबईत येत-जात होता, ठिकाणांचे चित्रीकरण करीत होता. हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरियाणात मानेसरला होते आणि त्यांचे विमान चंदीगडहून आणावे लागले. ते मुंबईत मोर्चा सांभाळेपर्यंत रात्र उलटून सकाळ झाली होती. तोवर नौदलाचे मोजके कमांडो आणि मुंबईचे पोलीसच उभे होते. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयामागच्या गल्लीत एकाच गाडीत मारले गेले. करकरे यांच्या अंगावरचे बुलेटप्रूफ जाकीट नंतर गहाळ झाले आणि त्याचा ठावठिकाणा विचारण्यासाठी त्यांच्या पत्नीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि नळी सोडली नाही. साताऱ्याच्या केडंबे गावच्या या माणसापुढे आपण सर्व नतमस्तक आहोत. पण पराक्रमाच्या गौरवात एक गोष्ट झाकली जाऊ नये: एके-४७ समोर काठी घेऊन उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कोणीतरी आणली होती.

राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव नीट होत नव्हता, संकटकाळी कोणी काय करायचे याची ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, गुप्तवार्तांचा एकत्रित विचार झाला नाही, अशी निरीक्षणे तिने नोंदवली. एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर झाला. तो विधिमंडळापुढे यायला डिसेंबर लागला. दरम्यान राजीनामे झाले होते. केंद्रीय गृहमंत्री गेले, मुख्यमंत्री गेले, आणि मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना होतात अशा आशयाचे विधान करणारे राज्याचे गृहमंत्रीही गेले. वर्षभरात ते त्याच खात्यावर परत आले.

माझ्या मराठवाड्यातल्या कवीमित्रांनी २०१२ मध्ये आणखी एक धक्का सोसला. कराचीत बसून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांत एक आवाज बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या जबीउद्दीन अन्सारीचा असल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. आपल्या मातीतला मुलगा तिथवर कसा पोचतो, हा प्रश्न आम्हीच आम्हाला विचारायला हवा. तो विचारायला आम्हाला लाज वाटू नये. पण हा तरुण २००६ मध्ये पोलिसांच्या हातून निसटला आणि देशाबाहेर जाऊ शकला, हा प्रश्न आमच्या घराबाहेरचा आहे आणि तोही विचारला गेला पाहिजे. दोन्ही प्रश्न एकाच तोंडाने विचारता येतात, इतके तरी नागरिकत्व आम्हाला असावे.

या साऱ्यात माझा आधार राहिला तो न्यायालयाचा. कसाबला वकील मिळाला, साक्षीपुरावे झाले, न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी मे २०१० मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अंमलात आली. त्याच निकालपत्रात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावरही कठोर ताशेरे आहेत, कारण ते पाहून पलीकडचे सूत्रधार सूचना देत होते. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय मुसलमान आरोपी पुराव्याअभावी सुटले, तिन्ही न्यायालयांत सुटले. १६६ माणसांच्या मृत्यूनंतर, देश संतापाने पेटलेला असताना, पुरावा नाही म्हणून दोघांना सोडण्याचे धैर्य ज्या न्यायव्यवस्थेत आहे, तिच्यावर हल्लेखोरांना विजय मिळवता आला नाही असे मी मानतो.

पुढे सुधारणा झाल्या. राष्ट्रीय तपास संस्था आली, मुंबईत कमांडोंचा तळ झाला, राज्याने ‘फोर्स वन’ उभारले, किनारी सुरक्षेची एकंदर जबाबदारी २००९ मध्ये नौदलाकडे गेली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. हे सारे योग्यच आहे. पण नौका विकत घेता येते. ती चालवणारा माणूस, तिचे इंधन आणि रात्री दोन वाजता जागे राहण्याची शिस्त ही दरवर्षी नव्याने मिळवावी लागते. शेखाडीनंतरही काही वर्षे सगळे सावध होते.

कोकणातले कोळी, दालदी, खारवी हे या किनाऱ्याचे सर्वांत जुने पहारेकरी आहेत. त्यांना ओळखपत्र दाखवायला लावणे सोपे आहे. त्यांनी काही पाहिले, काही खटकले, तर त्यांचा फोन उचलणारा, त्यांचे ऐकून घेणारा आणि त्यांचे नाव-गाव ऐकून गप्प न होणारा अधिकारी ठाण्यात असणे अधिक अवघड आहे. बधवार पार्कच्या माणसांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. पुढच्या वेळी तो विचारणाऱ्याच्या पाठीशी राज्य उभे असले पाहिजे.