सन्मानाला साक्षीदार लागतो

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं. पुण्या-मुंबईकडच्या ब्लॉगर मित्रांना हे अजूनही समजावून सांगावं लागतं, म्हणून आधी तेवढं उरकतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड, लातूर, सगळा मराठवाडा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमचं स्वातंत्र्य आलं १३ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, भारतीय फौजा आत शिरल्यावर. ती 'पोलीस ॲक्शन' पाच दिवसांत आटोपली. त्याआधी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षं जे चाललं होतं, तो आमचा मुक्तिसंग्राम.

या दिवशीच्या कार्यक्रमात पहिली रांग स्वातंत्र्यसैनिकांची असते. शाल, श्रीफळ, टाळ्या. लहानपणी ती रांग भरलेली असायची. मग एकेक खुर्ची कमी होत गेली. साधा हिशेब आहे, १९४८ साली अठरा वर्षांचा असलेला माणूस आज पंचाण्णवच्या पुढे असणार.

पण मला या रांगेबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. तिथे कोण बसणार हे ठरवलं कुणी? आणि कशावरून?

त्याचं उत्तर सरकारी नियमांत आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ मध्ये, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. सुरुवातीला त्याला उत्पन्नाची अट होती, वर्षाला ५००० रुपयांच्या आत. म्हणजे ती गरजूंना मदत होती. १ ऑगस्ट १९८० पासून ही अट गेली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. मदतीचा सन्मान झाला. छानच झालं. पण सन्मान म्हटला की पुरावा आला! किमान सहा महिने तुरुंगवास (स्त्रियांना तीन महिने), त्याचा तुरुंगाचा दाखला. भूमिगत असाल तर नावाने वॉरंट, फरारी म्हणून जाहीरनामा, डोक्यावर बक्षीस, असं काहीतरी दाखवा.

आता गंमत बघा. भूमिगत काम चांगलं केलं म्हणजे काय? तर कागदावर नाव येऊ दिलं नाही! जो सापडला त्याचा दाखला झाला. जो शेवटपर्यंत सापडला नाही, त्याच्याकडे दाखवायला काय असणार?

आमच्या भागातलं उदाहरण द्यायचं तर उमरीचं. नांदेड जिल्ह्यातलं हे रेल्वे स्टेशनचं गाव. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे ज्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरखेडच्या कॅम्पमधल्या तरुणांनी उमरीची बँक लुटली. हा कॅम्प सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात होता. वीस लाखांच्या वर रक्कम हाती लागली. त्या काळातले वीस लाख! मराठवाड्यात हा प्रसंग लुटीसाठी कमी आणि हिशेबासाठी जास्त सांगितला जातो. पैसा लढ्याचा होता, त्याचा चोख हिशेब ठेवला गेला आणि तो वर दिला गेला. जे पुढारी होते त्यांची नावं पुस्तकांत आली. अनंत भालेराव स्वतः या लढ्यातले, त्यांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ लिहिला म्हणून तर पुष्कळ काही टिकलं. पण लढा काही नुसत्या पुढाऱ्यांवर चालत नाही. कुणीतरी रात्री वाट दाखवत असतं, कुणी कडब्याच्या गंजीत हत्यारं लपवतं, कुणी सांगावा पोचवतं. त्यांचा दाखला कुठल्या कचेरीत मिळणार?

आणि भाकरी? माझ्या आजोळकडच्या एक म्हाताऱ्या आजी सांगायच्या, रात्री-अपरात्री माणसं यायची, सासूबाई नाव विचारू द्यायच्या नाहीत. "इच्यारायचं नाही, थापायच्या." किती जण, कोण, कुठून आले, काही माहीत नाही. माहीत नसणं हीच त्यांची कामगिरी होती. पकडलं असतं तरी सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढे पेन्शनसाठी सांगण्यासारखंही काही नव्हतंच. घरातल्या कुणालाही अर्ज करावा असं सुचलं नाही. त्यांना स्वतःला तर नाहीच.

सरकारला ही अडचण कळली नव्हती असं नाही. कागद नसेल तर स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या, नामांकित स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र चालेल अशी सोय होती. 'मी यांना ओळखतो, हे आमच्याबरोबर होते.' म्हणजे फिरून गोष्ट तिथेच आली, साक्षीदारावर. मला ही सोय मनापासून आवडते. कागदाच्या राज्यात माणसाच्या शब्दाला दिलेली ती जागा होती.

आणि तिचंच पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोटे स्वातंत्र्यसैनिक निघाले. चौकशीसाठी आयोग बसले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००५ मध्ये तिथून निकाल आला. पेपरात बातम्या यायच्या तेव्हा चहाच्या टपरीवर लोक हसायचे. मला मात्र त्यात एक वेगळं नुकसान दिसतं. एका खोट्या प्रमाणपत्राने सरकारचे पैसे गेले, ते एक वेळ भरून निघतील. पण त्यानंतर खऱ्या माणसाकडेही लोक संशयाने बघायला लागले. पैसा नव्हे, साक्ष खोटी झाली.

आता यापुढचं थोडं अवघड आहे, पण ते टाळून १७ सप्टेंबरबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

रझाकारांनी या भागात केलेले अत्याचार आपण सगळे ऐकत मोठे झालो. पोलीस ॲक्शननंतर जे उलटं घडलं, ते घरात हळू आवाजात सांगितलं जायचं. सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवलं. किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा समितीचा अंदाज होता, त्यात बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावं होती. (लातूर तेव्हा उस्मानाबादेतच, वेगळा जिल्हा १९८२ चा.) तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही समितीला जागोजागी आढळले. काही ठिकाणी तर हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले.

या माणसांना कुठल्या रांगेत बसवायचं? ते तुरुंगात गेले नाहीत, भूमिगत झाले नाहीत, कुठल्या कॅम्पात नव्हते. त्यांनी दार उघडलं, कुणाला तरी आत घेतलं आणि दार लावलं. बस. ज्या गर्दीला त्यांनी अडवलं ती बहुतेक आपल्याच गावची, म्हणून नंतर ही गोष्ट सांगायची चोरी. त्यांच्यासाठी योजना नाही, रकाना नाही, ताम्रपट नाही.

गाव आपल्या पद्धतीने आठवण ठेवतं, नाही असं नाही. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे मारले गेले (कोल्हापूरचे कॉम्रेड ते वेगळे). आज त्या भागातली पोरं हुतात्मा पानसरेंच्या नावाच्या शाळेत शिकतात. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये स्वामीजींचं नाव मिळालं. पण गावाची आठवणही सगळ्यांना सारखी पावत नाही. गढीवरच्या माणसाचं नाव टिकतं, त्याचा निरोप घेऊन रात्री दहा कोस चालणाऱ्याचं टिकत नाही. बाईचं तर क्वचितच.

मग करायचं काय? पुरस्कार वाढवा, समित्या नेमा, असं मी म्हणणार नाही. आता अर्ज करायलाच कोणी उरलेलं नाही. उरलेत ते ऐकलेले लोक. म्हणजे आपण. आपली साक्ष ऐकीव आहे, कोर्टात टिकणार नाही. पण पेन्शन थोडीच मागायची आहे? खोटं बोलून मिळण्यासारखं काही राहिलेलं नाही, त्यामुळे आता खरं सांगणं सोपं झालंय, नाही का?

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. घरात कुणी भाकरी थापल्याचं, कुणी दार उघडल्याचं ऐकलं असेल तर लिहून काढा. गावाचं नाव घाला. जेवढं ऐकलं तेवढंच लिहा, पदरचं घालू नका. त्या आजींचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण घरच्या वहीत लिहून ठेवलंय, गावासकट.