ऑपरेशन कधी?

आमच्या सुप्यात बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका बाळ बघून झालं की हळूच विचारतात, "लगेच उरकलं, की नंतर?" काय उरकलं, हे सांगावं लागत नाही.

मला या प्रश्नामागे इतिहास दिसतो. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. पण आणीबाणीतल्या जबरदस्तीने पुरुष बिचकले ते बिचकलेच, आणि भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३!

बाळंतपणानंतर सात दिवसांत ऑपरेशन सोपं जातं, कारण गर्भाशय अजून वर असतं आणि बेंबीखालच्या छोट्या छेदातून नळ्या सापडतात. नाहीतर सहा आठवडे थांबायचं. सोय खरीच. पण ऑपरेशन लगेच झालं तरी निर्णय गरोदरपणातच, शांतपणे व्हायला हवा. कळा देणाऱ्या बाईचा होकार कसला?

आणि पुरुषाचं ऑपरेशन? त्याला ना सात दिवस मोजायचे, ना सहा आठवडे. तरी बाळाच्या बापाला "कधी उरकणार?" असं कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.